लॅपटॉपला चार्जिंग देणारा मॉनिटर घ्यायचाय – ६५ वॅट पुरतात का ९० चाच घेऊ?

घरून_काम_आहे:
मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. आठवड्यातून तीन दिवस घरून काम असतं, कोथरूडला वन बीएचके, बेडरूमच्या खिडकीपाशी साडेतीन फुटाचं टेबल आहे तेच माझं ऑफिस. त्यावर दिरांनी नवीन घेतल्यावर आमच्याकडे आलेला जुना २२ इंची मॉनिटर. रोज सकाळी बॅगेतून लॅपटॉप काढायचा मग चार्जर लावा, एचडीएमआय लावा, एक पाच-इन-वन हब आहे त्यात कीबोर्ड, माऊसचा डोंगल आणि लॅनची वायर, आणि तो हब लॅपटॉपला. संध्याकाळी सातनंतर त्याच टेबलावर नवऱ्याचं मॅकबुक एअर येतं कारण त्याची टीम अमेरिकेत, मग माझं सगळं उपटायचं आणि त्याचं लावायचं. परवा मी त्याचा चार्जर उपटला आणि बोर्डावरच्या कुठल्या तरी दुसऱ्याच पिनेला हात लागून वायफाय गेलं, ऐन कॉलमध्ये. घरात जे व्हायचं ते झालं.

तर आता एकच टाईप सी वायर लावली की चित्र, चार्जिंग, कीबोर्ड सगळं चालू होतं असे मॉनिटर असतात म्हणे, तो घ्यायचं ठरलंय. माझा लॅपटॉप ऑफिसचा आहे, विंडोज, १४ इंची, चार्जर टाईप सीच आहे. मॅकबुक एम१ वालं. बजेट तीसच्या आसपास, फारच चांगला असेल तर पस्तीस.

प्रश्न असे की काही मॉनिटरवर ६५ वॅट लिहिलंय काहींवर ९०, नवरा म्हणतो ९० वॅटने त्याच्या छोट्या मॅकची बॅटरी जळेल, खरंय का? २४ इंची घ्यावा का २७? फोर के लागतो का नुसता चोचला आहे? दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला "मॅडम सगळ्याला चालतो". त्यावर विश्वास बसला नाही म्हणून इथे.

हिंजवडीचा_हमाल:
ताई, मी डेस्कटॉप सपोर्टला आहे, दिवसभर हेच करतो. मॉनिटरचं नंतर बघू, आधी लॅपटॉपचा चार्जर उलटा करा. त्यावर मुंगीच्या अक्षरात आउटपुटच्या चार-पाच जोड्या लिहिलेल्या असतील, ५ व्होल्ट, ९ व्होल्ट, १५ व्होल्ट असं करत सगळ्यात मोठी बघायची. २० व्होल्ट ३.२५ अँपिअर असेल तर गुणाकार ६५, म्हणजे तुमचा लॅपटॉप ६५ वॅटचा. १४ इंची ऑफिसचे लॅपटॉप बहुतेक ४५ नाहीतर ६५ मध्येच असतात.

आता ९० वॅटने मॅक जळेल का, तर नाही जळणार, साहेबांना निश्चिंत राहू दे. टाईप सीचं चार्जिंग हे पंगतीतल्या चांगल्या वाढप्यासारखं आहे, भांडं घेऊन येतो, काय काय आहे ते सांगतो, आणि तुम्ही मागाल तेवढंच वाढतो. वायर लावल्याबरोबर मॉनिटर सांगतो माझ्याकडे अमुक व्होल्ट अमुक अँपिअर आहेत, लॅपटॉप त्यातलं निवडतो, आणि हे बोलणं होईपर्यंत वायरीत ५ व्होल्टच्या वर काही येतच नाही. एम१ एअरसोबत येणारा चार्जर ३० वॅटचा आहे, त्याला ९० च्या मॉनिटरवर लावला तरी तो आपल्या गरजेइतकंच घेणार.

उलटी बाजू मात्र त्रासाची आहे. ६५ वाल्या लॅपटॉपला ४५ दिले की काही लॅपटॉप गपगुमान हळू चार्ज होतात, काही रोज सकाळी स्लो चार्जरचा मेसेज दाखवतात, आणि काही प्रोसेसरच दाबून टाकतात, मग माणूस म्हणतो विंडोज हँग होतंय. म्हणून चार्जरएवढे किंवा त्याहून जास्त वॅट, एवढं धरून चाला.

आणि खोका वाचताना दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे मागे कुठेतरी १५०-१६० वॅट लिहिलेलं असतं ती मॉनिटरची स्वतःची भिंतीतून खेचायची कमाल असते, लॅपटॉपला मिळणारे वॅट नव्हेत. दुसरं, टाईप सी पोर्ट आहे म्हणजे लॅपटॉप चार्ज होतो असं नाही, काही मॉनिटरचा टाईप सी नुसता १५ वॅटचा असतो, त्यात मोबाईल चार्ज होईल, लॅपटॉप बघत बसेल. पीडी किंवा पॉवर डिलिव्हरी आणि त्यापुढे आकडा, हे शोधायचं.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या लॅपटॉपच्या टाईप सीमधून चित्र बाहेर येतं का ते बघा. चार्जिंग, चित्र आणि डेटा ही तीन वेगळी कामं आहेत, भोक एकच दिसतं. पोर्टच्या शेजारी विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे चित्र आणि डेटा दोन्ही जाणारा वेगवान पोर्ट, मग प्रश्नच नाही. डी आणि पी जोडून काढलेलं चिन्ह असेल तरी चालेल. काहीच नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवर डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे टाईप सीमधून चित्र पाठवायची सोय, आहे का बघा. मॅकचं बघायची गरज नाही, त्याच्या दोन्ही पोर्टांतून चित्र येतं.

जुनं_ते_सोनं:
सगळे वॅट मोजत बसलेत म्हणून मी उलटं बोलतो, राग मानू नका. साधा २७ इंची क्यूएचडी (२५६० बाय १४४० ठिपक्यांचा) मॉनिटर एचडीएमआयवाला टाईप सीवाल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, उरलेल्या पैशात एक जास्तीचा चार्जर घ्या आणि टेबलाला कायमचा चिकटवून टाका. वायरी दोन लागतील, एक नाही. दोन वायरी लावायला चार सेकंद जास्त लागतात त्यासाठी आठ-दहा हजार?

आणि दुसरं, चार्जर बिघडला तर चार्जर बदलतो आपण. इथे सगळं एकाच पेटीत. माझ्या मेव्हण्याच्या मॉनिटरचा टाईप सी पोर्ट दीड वर्षात ढिला झाला, वायरीला हात लागला की स्क्रीन काळी. वॉरंटीत होता म्हणून पैसे लागले नाहीत पण मॉनिटर बारा दिवस सर्व्हिस सेंटरला, तेवढे दिवस हा बाबा डायनिंग टेबलावर १४ इंचात मान घालून बसला होता.

बिनडोक_डॉकवाला:
काकांचं म्हणणं एकट्या माणसाला बरोबर आहे जो सोमवारी लॅपटॉप लावतो आणि शुक्रवारी काढतो. ताईंकडे दोन लॅपटॉप, एक टेबल, रोज दोनदा अदलाबदल आणि वर लॅन आणि कीबोर्ड. तिथे दोन वायरी नाही होत, हब धरून त्या पुन्हा तीन होतात. मी आधी वेगळा डॉक, म्हणजे एका वायरीने सगळं जोडणारी पेटी, घेतला होता, डॉकची वीट वेगळी, मॉनिटरची पिन वेगळी, हिशोब केला तर टाईप सी मॉनिटरएवढेच पैसे गेले आणि टेबलाखाली अजून एक गरम होणारी वस्तू आली. नावाप्रमाणे वागलो.

फक्त एवढं करा की वॉरंटी तीन वर्षांची बघा आणि घरी येऊन बदलून देतात का ते विचारा.

रफार:
मी दादरला डीटीपी आणि प्रूफ बघते, दिवसाचे नऊ तास देवनागरी, त्यामुळे चोचला शब्दावर थोडं बोलणार.

इंची महत्त्वाचे नाहीत, इंचात किती ठिपके बसतात ते महत्त्वाचं. २४ इंची फुल एचडीमध्ये इंचाला साधारण ९२ ठिपके, तोच फुल एचडी २७ इंचात घेतला की ८२, म्हणजे मोठा मॉनिटर घेऊन अक्षर फाटकं. २७ इंची क्यूएचडीला १०९ आणि २७ इंची फोर केला १६३. इंग्रजी मेल वाचायला १०९ उत्तम आहे, कुरकुर नाही. पण आपली लिपी वर-खाली लटकते ना, रफार, अनुस्वार, ऋकार, "त्र्य" आणि "द्ध्य" सारखी जोडाक्षरं, तिथे कमी ठिपक्यांत अनुस्वार आहे का स्क्रीनवरची धूळ आहे हे बोट लावून बघावं लागतं. मी खरंच लावलंय. फोर केवर गेल्यापासून संध्याकाळचं कपाळ दुखणं कमी झालं.

त्यातून तुमच्या घरात मॅक आहे. २०१८ मध्ये मॅकची मोहावे ही आवृत्ती आली तेव्हा ॲपलने अक्षरांच्या कडा मऊ दाखवायची जुनी युक्ती काढून टाकली, मॅकच्या स्वतःच्या स्क्रीनवर ते जाणवत नाही कारण तिथे ठिपके भरपूर, पण बाहेरच्या ९२-१०९ वाल्या मॉनिटरवर तीच अक्षरं पुसट आणि थोडी जाड दिसतात. विंडोजवर तोच मॉनिटर टकाटक दिसेल आणि मिस्टर म्हणतील मॉनिटर खराब आहे. घरातली शांतता हवी असेल तर २७ फोर के. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवा, मॅकमध्ये २५६० बाय १४४० सारखं दिसेल ते निवडा, दोघांनाही अक्षरं सारख्याच मापाची.

आणि एम१ एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो बरं का, उद्या दुसरा घेऊन शेजारी ठेवू असा विचार असेल तर आत्ताच सांगून ठेवते.

श्टुटगार्टचा_श्री:
इकडे युरोपात कायदाच केलाय, मोबाईलला टाईप सी २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीचा झाला आणि लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६ पासून. कंपन्या युरोपसाठी वेगळा आणि भारतासाठी वेगळा पोर्ट बनवत बसणार नाहीत, त्यामुळे पुढचा जो लॅपटॉप तुम्हाला ऑफिस देईल तो टाईप सीवरच चार्ज होणार असं धरायला हरकत नाही. मॉनिटर सात-आठ वर्षं टिकतो, लॅपटॉप तीन-चार, म्हणून मी ६५ सोडून ९० म्हणेन, आत्ता गरज नसली तरी.

लॅपटॉप जाड आणि गेमिंगचा असेल तर मात्र हे सगळं विसरा, त्याचा १८०-२३० वॅटचा धोंडा सोबत न्यावाच लागतो. टाईप सीवर आधी कमाल १०० वॅटच होते, २०२१ मध्ये नवीन नियम आला त्यात २४० पर्यंत गेले, पण तेवढे देणारा मॉनिटर मी तरी कोणाच्या टेबलावर पाहिला नाही.

घरून_काम_आहे:
बापरे एका रात्रीत एवढं, सगळ्यांचे आभार. चार्जर उलटा केला, चष्मा लावून वाचला, २० व्होल्ट ३.२५ अँपिअरच आहे दादा. पोर्ट दोन आहेत, दोन्हीकडे बाण. नवऱ्याला पंगतीचं उदाहरण सांगितलं तर म्हणाला मग आग्रह करणारा वाढपी असला तर? आता काय बोलणार.

काका, तुमचा मुद्दा पटला नाही असं नाही, काल रात्रभर तेच डोक्यात होतं. पण रोज संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे जो गोंधळ होतो तो चार सेकंदांचा नाहीये.

आता अजून दोन शंका. आमच्याकडे लाईट जात नाही फारशी पण दुपारची एकदा डुलकी मारते, सेकंदभर जाते येते. मॉनिटरवरून चार्जिंग असेल तर लॅपटॉपला काही होईल का? आणि ऑफिसवाले पेनड्राईव्ह चालू देत नाहीत, मग मॉनिटरमधलं हब चालेल का?

सांगलीचा_वायरमन:
लाईटचं मी सांगतो, माझं कामच ते आहे. लॅपटॉपला काही होत नाही, त्याच्यात बॅटरी आहे, तो चटकन बॅटरीवर जातो. पण मॉनिटर बंद होऊन पुन्हा चालू व्हायला पाच-सात सेकंद घेतो आणि तेवढ्यात त्याच्या हबला लावलेलं सगळं निघून गेल्यासारखं होतं. कीबोर्ड, माऊस परत येतात. लॅनची वायर मॉनिटरला असेल तर नेट तुटतं, म्हणजे कॉलमधून बाहेर. आणि बाहेरची हार्डडिस्क मॉनिटरच्या पोर्टला लावून फोटो कॉपी करत असाल तर देवाचं नाव घ्या, आमच्या भाच्याच्या बारशाचे अर्धे फोटो असेच गेले, डुलकी एका सेकंदाचीच होती.

म्हणून मॉनिटर यूपीएसवर घ्या. बाजारात जो ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मिळतो तो साधारण ३६० वॅटचा असतो. मॉनिटर स्वतः तीसेक वॅट, लॅपटॉपला ६५, मधली घट धरून ११० च्या आसपास, राऊटर दहा. म्हणजे झेपतो आरामात. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर, हातात त्याच्या साठ-पासष्ट टक्के येतात, तर नवीन असताना वीस-पंचवीस मिनिटं धरा. लॅपटॉप आधीच फुल असेल तर तो कमी खेचतो, मग अजून जास्त. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची, विसरायचं नाही, लोक विसरतात आणि मग यूपीएस नुसता शिट्टी मारतो.

आणि एक्स्टेंशन बोर्डावर बोर्ड लावू नका ताई, पहिल्या पोस्टमधला तो बोर्डावरच्या पिनेचा किस्सा वाचून तिथेच थांबलो होतो मी.

हिंजवडीचा_हमाल:
वायरमन भाऊ भारी. ऑफिसच्या पॉलिसीचं असं आहे की पेनड्राईव्ह बंद असतो म्हणजे स्टोरेज बंद असतं, हब, कीबोर्ड, माऊस बहुतेक ठिकाणी चालतात. लॅनचं मात्र आयटीला मेल टाकून विचारा, काही कंपन्या नोंदलेल्या मॅक ॲड्रेसलाच (प्रत्येक नेटवर्क पोर्टचा ओळख क्रमांक) व्हीपीएनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या खासगी नेटवर्कात, घेतात आणि मॉनिटरच्या लॅनचा ॲड्रेस वेगळा असतो. (हा मॅक ॲड्रेस म्हणजे ॲपलचं मॅक नाही, दर आठवड्याला कोणीतरी हे विचारतं.)

आता वायर. खोक्यात येते तीच वापरा, नाही पुरली तर बघून घ्या. मोबाईलसोबतची टाईप सी वायर दिसायला डिट्टो तशीच पण तिच्यात चित्राच्या तारा नसतात. १०० वॅट लिहिलेल्या जाडजूड वेणीच्या वायरीतही बऱ्याचदा नसतात, त्या फक्त चार्जिंगच्या, आणि लोक म्हणतात चार्ज होतंय पण स्क्रीन येत नाही, मॉनिटर परत पाठवतात. वायरीवर १० जीबीपीएस, २० किंवा ४० असं काही लिहिलेलं असेल तरच चित्र. आणि ६० वॅटच्या वर जायचं तर वायर ५ अँपिअरची लागते, तिच्या टोकात एक छोटी चिप असते ती मॉनिटरला सांगते की मी झेपवू शकते. चिप नसेल तर ९० चा मॉनिटर ६० च देतो, तुम्ही शोधत बसता कुठे अडलं. लांबी मीटरभर ठेवा, मॉनिटर आर्मवर लावणार असाल तरच जास्त.

अल्ट्रावाईड_अण्णा:
एक प्रश्न मध्येच, मी ३४ इंचीच्या विचारात आहे, पूर्वी ३२ च्या वर २८ टक्के जीएसटी होता ना?

बिनडोक_डॉकवाला:
होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांना १८. ताईंच्या २७ इंचीला आधीपासून १८ च होता त्यामुळे त्यांना काही फरक नाही. तुमचं वेगळं विचारा अण्णा, हा धागा भरकटेल.

ताई, नावं हवी असतील तर डेलचा पी२७२३क्यूई बघा, २७ इंची फोर के, ९० वॅट, मागे लॅनचा पोर्ट. त्याचा मोठा भाऊ यू२७२३क्यूई, काळा रंग जास्त गडद दिसतो, बाकी बराचसा तसाच, तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल बहुतेक. त्याच घरातला एस२७२२क्यूसी ६५ वॅटचा, लॅन नाही, स्वस्त. एलजीचा २७यूपी८५० पण ९० च्या वर देतो. भाव सेलमध्ये वर-खाली होतात, आजचा सांगून उपयोग नाही. स्टँड वर-खाली होतो का तेवढं बघाच, तुमच्या दोघांच्या उंचीत फरक असेल तर रोज पुस्तकांचा थर लावावा लागेल.

घरून_काम_आहे:
फरक आहे. सात इंचांचा. 🙂

(तीन आठवड्यांनी)

घरून_काम_आहे:
आला मॉनिटर! २७ इंची फोर के, ९० वॅट, लॅनवाला, सेलमध्ये मिळाला, बजेटच्या दीड हजार वर गेला, सासूबाईंना सांगितलेलं नाही. एक वायर लावली, चार्जिंगची खूण आली, कीबोर्ड चालू, नेट चालू, मी खुर्चीत नुसती बघत बसले. नवऱ्याचं मॅक पण लावलं, बॅटरी जळली नाही.

पण माझ्या लॅपटॉपवर माऊस फिरवला की बाण फरफटत येतो, खिडकी ओढली तर झटके मारत सरकते. मॅकवर एकदम लोणी. वायर तीच. म्हणजे माझ्या लॅपटॉपचा दोष का? आणि कधीकधी माऊसच अडतो, हलवते तेव्हा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो.

हिंजवडीचा_हमाल:
अभिनंदन ताई. दोन वेगळे आजार आहेत.

पहिला, तुमची स्क्रीन ६० ऐवजी ३० हर्ट्झवर चाललीय, म्हणजे चित्र सेकंदाला तीसदाच बदलतंय. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये आकडा दिसेल, बघा ३० आहे का. कारण असं की टाईप सीच्या वायरीत वेगाच्या चार मार्गिका असतात, त्या चित्राला आणि हबच्या डेटाला वाटून घ्याव्या लागतात. जुन्या लॅपटॉपमध्ये चित्र पाठवायच्या पद्धतीची जुनी आवृत्ती, डिस्प्लेपोर्ट १.२, असते, त्याच्या चारही मार्गिका मिळून चित्रासाठी १७.२८ गिगाबिट जातात, निम्म्या दिल्या तर ८.६४. फोर के ६० हर्ट्झला साडेबाराच्या आसपास लागतात. दोन मार्गिकांत ते बसत नाही मग तो ३० वर येतो. मॅकमध्ये डिस्प्लेपोर्ट १.४ आहे, त्याची एकेक मार्गिका रुंद, दोन मार्गिकांतही जेमतेम बसतं. म्हणून त्याला लोणी.

उपाय सोपा. मॉनिटरच्या मागच्या बटणाने मेनू उघडा, यूएसबी-सी प्रायॉरिटायझेशन असं काहीतरी असेल, तिथे हाय डेटा स्पीड असणार, ते हाय रेझोल्यूशन करा. चारही मार्गिका चित्राला जातील. हबचा वेग उतरून यूएसबी २ चा होईल, म्हणजे ४८० मेगाबिट, कागदावरचे. कीबोर्ड माऊसला काय फरक पडणार, आणि घरचं नेट १००-२०० चं असेल तर तेही बसतं. हार्डडिस्क तेवढी थेट लॅपटॉपला लावा, वायरमन भाऊंनी वेगळ्या कारणाने तेच सांगितलंय.

दुसरा आजार माऊसचा. डोंगल मॉनिटरच्या निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टात खोचलाय का, आणि शेजारच्या पोर्टात काही लावलंय का? यूएसबी ३ चालू असताना त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, माऊसचा डोंगल नेमका तिथेच बोलत असतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढला होता, अजून लोक माऊस बदलत बसतात. डोंगल एका छोट्या एक्स्टेंशन वायरीने टेबलावर पुढे आणून ठेवा. हबचा वेग उतरवल्यावर कदाचित आपोआपच थांबेल.

घरून_काम_आहे:
दादा!! ३० च होते. मेनू शोधायला दहा मिनिटं, बदलायला एक सेकंद. स्क्रीन एकदा काळी झाली, पोटात गोळा आला, आणि मग ६०. माऊस पण सरळ आला, तरीही डोंगल पुढे आणून ठेवलाय.

रफार ताई, १५० टक्क्यांवर ठेवलं, आणि तुम्ही म्हणालात तसं अनुस्वार दिसायला लागले, ऑफिसात कोण मराठीत मेल करतं पण संध्याकाळी इथले धागे वाचते ना.

रफार:
छान. आता उजेड कमी करा, दुकानातून येतात तेव्हा हे मॉनिटर लग्नाच्या हॉलसारखे पेटलेले असतात. खिडकी पाठीमागे असेल तर टेबल फिरवा.

श्टुटगार्टचा_श्री:
अजून एक, दिवसभर चार्जिंगवरच राहणार म्हणजे बॅटरी सतत १०० वर. लॅपटॉपच्या कंपनीचं जे ॲप असतं त्यात चार्जिंग ८० ला थांबवायची सोय बघा, ऑफिसने बंद केली नसेल तर चालू करा.

जुनं_ते_सोनं:
मी हरलो असं समजू नका, पण हर्ट्झचं वाचून मला माझ्याही मॉनिटरचा मेनू उघडावासा वाटला. एचडीएमआयवर ३० वरच चालला होता दोन वर्षं. केबल जुनी निघाली. 😐

घरून_काम_आहे:
😂 काका, आता बदला बघू.
माझा ६५ वाला चार्जर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कायमचा ठेवून आले, बॅगेचं वजन एकदम उतरलं. यूपीएस रविवारी बघायला जाणार.

अल्ट्रावाईड_अण्णा:
ताई ते जुनं पाच-इन-वन हब विकणार असाल तर सांगा, मी पौड रोडलाच आहे.